दिवा मालविणारा हात

मनुष्याने एखादे सत्कृत्य स्वतः करावे, किंवा तेच कृत्य त्याच्या वतीने एखाद्या यंत्राने परस्पर उरकून टाकावे, या दोहोंत फळाच्या दृष्टीने काही अंतर नसले, तरी नीतीच्या दृष्टीने ते असते काय? प्रश्न जुना आहे. पण आता तो पोथीतून उठून आपल्या कचेरीच्या छताला येऊन चिकटला आहे. नव्या सरकारी इमारतींत मान वर करून पाहिले असता छतावर उलट्या वाटीएवढी एक पांढरी वस्तू दिसते. खोलीत कोणी आले की तिच्या आज्ञेने दिवे लागतात, आणि खोली रिकामी झाली की काही मिनिटांनी आपोआप मालवतात. ज्या कामासाठी घरोघरी वडील माणसे मुलांवर ओरडत आणि कचेऱ्यांतून परिपत्रके फिरत, ते काम आता कोणी न सांगता व कोणी न करता होऊ लागले आहे. हा केवळ इंजिनिअरांचा विषय आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु ज्यांचे निम्मे आयुष्य कचेरीच्या दिव्याखाली जाते, अशा आपल्यासारख्यांनी त्याचा थोडा निराळ्या बाजूने विचार करण्यास हरकत नसावी.

या वाटीच्या आत काय चालते ते समजून घेतल्याखेरीज पुढील विचार अधांतरी राहील. प्रत्येक उष्ण पदार्थ आपल्या उष्णतेच्या मानाने अदृश्य असे अवरक्त किरण बाहेर टाकीत असतो. मनुष्याच्या त्वचेतून निघणाऱ्या या किरणांचा जोर साडेनऊ मायक्रॉन तरंगलांबीच्या सुमारास सर्वांत अधिक असतो. तापमान बदलले की ज्याच्यावर विद्युत्भार उत्पन्न होतो, असा एक स्फटिक त्या वाटीत बसविलेला असतो. त्याचे दोन तुकडे परस्परविरुद्ध जोडलेले असतात. त्यामुळे सबंध खोली एकदम तापली किंवा निवाली तर दोहोंचे परिणाम एकमेकांस मारतात आणि यंत्र स्वस्थ राहते. वरचे पांढरे आवरण हे वस्तुतः फ्रेनेलच्या पद्धतीचे भिंग असून ते खोलीचे अनेक अदृश्य पट्टे पाडते. ऊबदार देह एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकला की आधी एका तुकड्यावर व मग दुसऱ्यावर किरण पडतात, विजेचा एक क्षीण ठोका उमटतो, आणि कोणीतरी आहे असे यंत्र ठरवते. सारांश, या यंत्राला मनुष्य दिसत नाही. त्याला मनुष्याचे हालणे दिसते. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील बराचसा विचार त्यावरच उभा आहे.

दुसऱ्या जातीचे यंत्र वटवाघळाचा मार्ग चोखाळते. आपल्या कानांना न ऐकू येणारा ध्वनी ते खोलीत सोडते, आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीच्या कंपनसंख्येत फरक पडला की कोणी हालले असे समजते. याची दृष्टी अधिक तीक्ष्ण. पण पंख्याच्या वाऱ्याने फडफडणारा पडदाही त्याला माणूस वाटू शकतो. पहिल्या जातीची अडचण उलट आहे. देह आणि भोवतालची हवा यांच्या उष्णतेत जितके अंतर अधिक, तितके त्याला चांगले समजते. रायपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर चढतो, आणि वातानुकूलन नसलेल्या खोलीच्या भिंतीच जेव्हा माणसाच्या अंगाइतक्या तापतात, तेव्हा त्या यंत्राच्या लेखी माणूस आणि भिंत यांत फारसा भेद उरत नाही. म्हणून काही ठिकाणी दोन्ही जातींची जोडी बसवितात. दिवा लावण्यास दोघांची साक्ष लागते, चालू ठेवण्यास एकाचीही पुरते.

यास जोड मिळाली ती अंकीय नियंत्रणाची. पूर्वी एका बटणाला पाच-दहा दिवे बांधलेले असत आणि ते सारे एकदम लागत वा मालवत. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात युरोपातील उत्पादकांनी मिळून 'डाली' या संक्षिप्त नावाची एक सामाईक पद्धती सिद्ध केली, आणि पुढे तिला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचे रूप आले. तिच्यात तारांच्या एकाच जोडीवर ६४ पर्यंत दिव्यांना स्वतंत्र पत्ते देता येतात, त्यांचे १६ गट पाडता येतात, आणि प्रत्येकाचा प्रकाश २५४ पायऱ्यांनी कमीजास्त करता येतो. डोळ्याला प्रकाशाची वाढ बेरजेने नव्हे तर पटीने जाणवते, म्हणून या पायऱ्याही त्याच हिशेबाने आखलेल्या आहेत. इतकेच नव्हे, तर दिवा उत्तरही देतो: मी चालू आहे, मी बिघडलो आहे. खिडकीजवळ प्रकाशमापक बसविला असला म्हणजे बाहेर ऊन चढेल तसतसे खिडकीजवळचे दिवे मंद होत जातात आणि आतले तसेच राहतात. नवी दिल्लीतील इंदिरा पर्यावरण भवनाचे २५ फेब्रुवारी २०१४ रोजी उद्घाटन झाले. छतावरील ९३० किलोवॅटच्या सौर संचाबरोबरच प्रकाशमापकावर चालणारे दिवे हीही त्या केंद्रीय कचेरीच्या रचनेतील एक गोष्ट होती. तत्पूर्वी २००१ साली ऊर्जासंवर्धनाचा कायदा झाला होता, आणि २००७ साली त्याखाली इमारतींसाठी संहिता निघाली होती. लहान बंदिस्त खोल्या, सभेच्या खोल्या, वर्ग आणि कोठारे यांत उपस्थिती ओळखणारी यंत्रे असावीत, व माणसे गेल्यापासून ३० मिनिटांच्या आत दिवे मालवावेत, असे तीत सांगितले होते. २०१७ च्या सुधारित संहितेत ही मुदत १५ मिनिटांवर आली.

आता या यंत्राच्या बाजूने जे म्हणता येते ते प्रथम पुरतेपणी म्हटले पाहिजे. कारण पूर्वपक्ष दुबळा करून जिंकण्यात अर्थ नसतो. छत्तीसगडात राहणाऱ्याला तर तो दुबळा करण्याची सोयच नाही. आपला दिवा कोठे जळतो हे दिल्ली-मुंबईच्या माणसाला ठाऊक नसते. येथून तो कोळसा दूर नाही. हसदेव नदीच्या काठी कोरब्याला राष्ट्रीय तापविद्युत् निगमाचे २६०० मेगावॅटचे केंद्र आहे, आणि जवळच गेवऱ्याची खाण आहे, जी आशियातील मोठ्यात मोठ्या खाणींपैकी एक समजली जाते. त्या खाणींसाठी जमिनी गेल्या, गावे उठली, आणि राख अजूनही पडते. विजेच्या एका युनिटामागे आपल्याकडे ढोबळ मानाने पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा जळतो. एखाद्या कचेरीच्या खोलीत २० वॅटचे दहा दिवे जेवणाच्या सुट्टीत तासभर उगाच जळत राहिले, तर दिवसाला ०.२ युनिट आणि वर्षाच्या सुमारे २४० कामाच्या दिवसांत ४८ युनिटे होतात. म्हणजे तीस-पस्तीस किलो कोळसा एका खोलीच्या एका सुट्टीपायी गेला. अशा खोल्या देशात किती असतील, त्याचा हिशेब ज्याने त्याने करावा. ज्याचे शेत त्या राखेखाली आहे, त्याने आपल्याला विचारले की दिवा का मालविला नाही, तर 'आम्ही सदाचरणाची सवय लावून घेत होतो, ती पुरी लागलेली नाही' हे उत्तर त्याच्यापुढे देता येईल काय? त्याला आमच्या चारित्र्याशी कर्तव्य नाही. दिवा मालवला की नाही एवढ्याशीच त्याला कर्तव्य आहे. हा युक्तिवाद खरोखर बलवान आहे.

यावर दुसऱ्या पक्षाचे म्हणणे सांगताना सर्वांना ठाऊक असलेली चाणक्याची आख्यायिका आठवते. रात्री कोणी पाहुणा भेटीस आला असता चाणक्याने समोरचा दिवा मालवून दुसरा लावला. का म्हणून विचारता त्याने सांगितले की पहिल्या दिव्यात राज्याचे तेल होते व मी राज्याचे काम करीत होतो. आता आपले बोलणे खासगी, तेव्हा तेलही माझे. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. इ. स. ७१७ ते ७२० पर्यंत खलिफा असलेल्या दुसऱ्या उमराविषयीही अशीच गोष्ट सांगतात. दोन दूरच्या समाजांना आपल्या थोर अधिकाऱ्याविषयी एकच कथा सांगाविशी वाटावी, यातच तिचे मर्म आहे. आता कल्पना करा की चाणक्याच्या झोपडीत छतावर ती पांढरी वाटी आहे. चाणक्य काम करीत होता तेव्हा तो हालत होता. पाहुण्याशी बोलू लागला तेव्हाही हालत होता. यंत्राच्या लेखी काहीच घडले नाही! दिवा जळतच राहिला, आणि संहितेचा एकही नियम मोडला गेला नाही. मनुष्य आहे की नाही हे यंत्राला कळते. तो कशासाठी आहे हे कळत नाही. आणि सरकारी नोकरीत नीतीचा प्रश्न जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रकारचा असतो.

लोकमान्यांनी 'गीतारहस्या'त बेंथॅम व मिल यांच्या आधिभौतिक सुखवादाची जी चिकित्सा केली आहे, तिचा मुख्य रोख हाच आहे की कर्माच्या बाह्य परिणामावरून कर्त्याची नीतिमत्ता ठरवता येत नाही. त्याची बुद्धी पाहावी लागते. तेथे अमेरिकेतील एका शहराच्या ट्रामगाडीचे उदाहरण आले आहे. ट्रामची सोय सर्वांना हवीशी, सर्वांच्या हिताची. पण परवानगी लवकर मिळावी म्हणून अधिकाऱ्यांना लाच दिली गेली, आणि फळ चांगले असूनही कृत्य निंद्य ठरले. हा ग्रंथ हिंदीत आणला तो पंडित माधवराव सप्रे यांनी. मराठी घरात जन्मलेल्या या पुरुषाने १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढून हिंदीची सेवा केली आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेवला. रायपूरच्या मराठी माणसाला तो ग्रंथ दोन्ही भाषांत घरचा वाटतो तो यामुळे. त्या कसोटीने पाहता यंत्राने मालवलेला दिवा हा ना सत्कर्म ना दुष्कर्म. ते कर्मच नव्हे. झाडावरून फळ पडावे तसे ते घडले. त्याबद्दल कोणाची स्तुती करता येणार नाही, आणि यंत्र बिघडून दिवे रात्रभर जळत राहिले तर कोणाला दोषही देता येणार नाही. ही दुसरी गोष्ट अधिक चिंतेची आहे. पूर्वी दिवा जळत राहिला तर तो कोणीतरी विसरलेला असे. आता तो जळत राहिला तर 'सेन्सर खराब आहे' एवढेच कोणीतरी सांगतो, आणि बटण असले तरी त्याकडे हात जात नाही.

येथे एका माणसाची आठवण ठेवली पाहिजे. केंद्रीय कचेऱ्यांत फराश नावाचे एक पद असे. मेज पुसणे, पाणी ठेवणे, आणि संध्याकाळी साऱ्या खोल्यांत फिरून पंखे-दिवे बंद करणे हे त्याचे काम. सहाव्या वेतन आयोगानंतर शिपाई, दफ्तरी, फराश, चौकीदार ही सारी निराळी नावे जाऊन एकच 'मल्टी टास्किंग स्टाफ' झाला. पगाराच्या दृष्टीने ते चांगलेच झाले; याविषयी कोणी खंत करू नये. पण फराशाला जे कळे ते यंत्राला कळत नाही, हेही खरे. अमुक बाबू मार्च महिन्यात उशिरापर्यंत बसतात, तमुक साहेब टोपी खुंटीला ठेवून बाहेर गेले म्हणजे परत येणार आहेत, कोठल्या खोलीत कोणी आजारी माणूस क्षणभर डोळे मिटून पडला आहे, हे त्याला ठाऊक असे. तो दिवा मालवी तेव्हा त्यामागे माणसांची ओळख असे. यंत्राने दिवा मालवण्याचे काम घेतले. ओळखीचे काम कोणीच घेतले नाही.

आणि मग तो स्थिर बसलेला माणूस! या यंत्राचा विनोदी म्हणून सांगितला जाणारा दोष हाच खरे तर त्याचा सर्वांत गंभीर दोष आहे. एखादा कारकून अवघड प्रकरणाची फाइल पुढे घेऊन वीस मिनिटे न हालता विचार करीत बसतो. नियम एक सांगतो, अर्जदार विधवेची परिस्थिती दुसरे सांगते, आणि टिपणी कशी लिहावी ते सुचत नाही. एवढ्यात दिवा जातो. तो हात वर करून हवेत दोनदा हालवतो. प्रकाश परत येतो, आणि विचाराचा धागा तुटलेला असतो. लोक हसतात. पण या हात हालवण्याचा अर्थ काय? 'मी आहे' हे त्याला हालचालीने सिद्ध करून दाखवावे लागले. कागदांची उलथापालथ करीत, खुर्ची फिरवीत, चहाला येजा करीत राहणारा माणूस यंत्राच्या लेखी पूर्ण उपस्थित. आणि ज्याचे सारे चित्त कामात बुडाले तो अनुपस्थित. आपल्याकडे ध्यानस्थाची उपमाच मुळी वारा नसलेल्या जागी न हालणाऱ्या दिव्याच्या ज्योतीची दिली जाते. ज्या स्थैर्याला परंपरेने उपस्थितीची परिसीमा मानले, त्यालाच हे यंत्र शून्य मानते. दोष यंत्राचा नव्हे. त्याला जेवढे शिकविले तेवढेच ते करते. दोष तेव्हा होईल जेव्हा आपणही माणसाला यंत्राच्या मापाने मोजू लागू.

ते मोजमाप आले आहे. २०१४ सालापासून केंद्रीय कचेऱ्यांत बोटाच्या ठशाने हजेरी घेण्याची पद्धत सुरू झाली. वेळेवर येणे हे कर्तव्यच असल्यामुळे तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु दाराशी एकदा हजेरी देणे निराळे, आणि दिवसभर छताने आपल्याकडे पाहत राहणे निराळे. जानेवारी २०१६ मध्ये लंडनच्या 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्राच्या कचेरीत कर्मचाऱ्यांना आपापल्या मेजाखाली अशीच उष्णता व हालचाल टिपणारी यंत्रे बसविलेली आढळली. इमारतीतील ऊर्जेचा वापर सुधारावा म्हणून ती आहेत, असा खुलासा झाला. पण पत्रकारांनी निषेध केला आणि दिवस संपण्यापूर्वी ती काढून घ्यावी लागली. दिव्याच्या यंत्राने टिपलेली माहिती एकदा पत्त्यासह आणि वेळेसह साठू लागली, की ती दिव्यापुरती राहत नाही. ज्या बेंथॅमने नीतीला हिशेबाचे रूप दिले, त्यानेच १७९१ साली अशा एका गोल इमारतीचा आराखडा छापला की जिच्या मध्यभागी बसलेल्या एका माणसाला सर्वांवर नजर ठेवता यावी, आणि आपल्यावर या क्षणी नजर आहे की नाही हे कोणालाच कळू नये. नीती केवळ परिणामाने मोजावयाची ठरली की पहारा हेच सर्वांत स्वस्त साधन वाटू लागते, असे अनुमान यावरून कोणी काढले तर ते अगदीच अयोग्य होणार नाही.

तथापि उलट बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. यंत्रे काढून टाकली की माणसे सद्गुणी होतात, असा अनुभव नाही. मुंबईत १८६७ साली जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांना लंडनच्या एका स्पर्धेत ज्या यंत्राच्या आराखड्याबद्दल पारितोषिक मिळाले, ते साखर-पीठ यांसारखा जिन्नस आपोआप तोलून देणारे यंत्र होते. अशा यंत्रामुळे वाण्याच्या प्रामाणिकपणाची किंमत कमी होते, असे म्हणणारा कोणी भेटला, तर ज्याला आजवर कमी साखर मिळत होती तो गिऱ्हाईक त्याला हसेल. ज्या सद्गुणाची किंमत दुसऱ्यानेच चुकती करावयाची, त्याचे कौतुक जपून करावे. शिवाय एका लहान कर्तव्यातून मोकळा झालेला माणूस मोठ्या कर्तव्याकडे वळेल, अशी आशाही धरता येते. मात्र अनुभव या आशेला फारसा दुजोरा देत नाही. विल्यम जेव्हन्सने १८६५ सालीच दाखवून दिले होते की वाफेचे यंत्र जसजसे कमी कोळशात चालू लागले, तसतसा एकंदर कोळसा अधिकच खपू लागला. दिव्यांचेही तसेच होण्याची भीती आहे. निळ्या प्रकाशाच्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१५ पासून 'उजाला' योजनेखाली देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. साठ वॅटचे काम नऊ वॅटमध्ये होऊ लागले. ही थोर गोष्ट आहे. पण त्याच दिव्यांच्या माळा आता बाराही महिने दुकानांवर, पुलांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर दिसतात. यंत्र काटकसर करू शकते. पण पुरे कोठे म्हणावयाचे हे ठरवू शकत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते, आणि ज्या हाताला लहान गोष्टीत 'पुरे' म्हणण्याची सवय उरली नाही, तो मोठ्या गोष्टीत ते कोठून म्हणणार? न्यायाची कृत्ये करून करूनच मनुष्य न्यायी होतो, असे ॲरिस्टॉटलने म्हटले ते याच अर्थाने.

आपल्या भाषेत या सवयीची खूण अजून शिल्लक आहे. छत्तीसगडात वस्तीला 'पारा' म्हणतात. ब्राह्मणपारा, बूढापारा, तसाच तात्यापारा. भोसल्यांच्या अमलापासून या मुलुखात राहत आलेल्या मराठी घरांची वस्ती म्हणून तात्यापारा ओळखला जातो. तेथल्या जुन्या घरांतून दिवेलागणीला दिवा 'लावावा', पण तो 'विझव' असे म्हणू नये, हा धडा लहानपणीच मिळतो. दिवा मालवावा, समई शांत करावी. जुन्या हिंदीतही याच संकोचाने दिवा 'बढाना' म्हणत. हा केवळ शब्दांचा शिष्टाचार नव्हे. प्रकाश बंद करणे ही किरकोळ गोष्ट नाही, ती कोणीतरी जाणून आणि थोड्या आदराने करावयाची गोष्ट आहे, असे त्या शब्दाने सुचवले जाई. आषाढी अमावास्येला घरातले सारे दिवे घासूनपुसून त्यांची पूजा करण्यामागेही हीच कृतज्ञता आहे. जो दिवा आपण कधी लावला नाही आणि कधी मालवला नाही, त्याच्याविषयी कृतज्ञता वाटावी कशी?

आणखी एका दिव्याचा विचार राहिला. देवळाच्या गाभाऱ्यात नंदादीप जळत असतो. मध्यरात्री तेथे कोणी नसते. उपस्थिती हीच प्रकाशाची एकमेव पात्रता मानली तर तो सर्वांआधी मालवावा लागेल. श्रद्धावान म्हणेल की तेथे कोणी नाही असे कसे म्हणता? ज्याला ती श्रद्धा नाही त्यालाही दुसरे उदाहरण नाकारता येणार नाही. रात्रीच्या गाडीने परतणाऱ्या माणसासाठी घरातले लोक ओसरीवर दिवा ठेवतात. तो अजून आलेला नसतो, म्हणूनच तर दिवा असतो. बदलीच्या गावी रात्री-अपरात्री उतरलेल्या प्रत्येकाला अशा एखाद्या उजेडाची किंमत माहीत आहे. यंत्राला आलेला माणूस कळतो, येणारा कळत नाही. उधळपट्टी आणि वाट पाहणे यांचा आकार बाहेरून सारखाच दिसतो: रिकाम्या जागी जळणारा दिवा. त्या दोहोंतला भेद फक्त माणसाला करता येतो.

मग निर्णय काय? यंत्र नको, असा निर्णय कोरब्याच्या राखेकडे पाहून देता येत नाही. आणि सारे यंत्रावर सोपवा, असा निर्णय माणसाकडे पाहून देता येत नाही. सुदैवाने यंत्रविद्येतच एक मधला मार्ग आहे, आणि तो पुरेसा परिचित नाही. या यंत्रांची एक योजना अशी की माणूस आला की दिवा आपोआप लागतो व गेला की आपोआप मालवतो. दुसरी योजना अशी की दिवा लावावयाचा तो हातानेच. यंत्र फक्त विसरलेला दिवा मालवते. दुसरीत वीज बहुधा अधिकच वाचते, कारण सकाळी खिडकीतून पुरेसा उजेड येत असता माणूस बटणाकडे जातच नाही, तर पहिल्या योजनेत यंत्र त्याला न विचारता दिवा लावून मोकळे होते. पण वाचलेल्या युनिटांहून मला तिच्यातले तत्त्व महत्त्वाचे वाटते. आरंभ माणसाच्या इच्छेने व्हावा आणि यंत्राने केवळ त्याच्या विस्मरणाची भरपाई करावी. विसरणे हा मनुष्यस्वभाव आहे, आणि त्याची शिक्षा कोरब्याच्या शेतकऱ्याने भोगण्याचे कारण नाही. इच्छा करणे हा मात्र मनुष्यधर्म आहे, आणि तो दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही.

याच तत्त्वाने जागांचाही विचार करता येईल. जिना, कोठार, स्वच्छतागृह, वाहने ठेवण्याचे तळघर, या जागा सर्वांच्या म्हणून कोणाच्याच नसतात. तेथे यंत्र खुशाल असावे, लावण्यासही आणि मालवण्यासही. ज्या मेजाशी एक माणूस आपले काम घेऊन बसतो, तेथे बटण त्याच्या हाताशी असावे. यंत्राला धीर अधिक असावा. आणि जाण्याआधी दिवा मंद करून सूचना देण्याची जी सोय अंकीय पद्धतीत सहज आहे, तिचा उपयोग करावा. यंत्राला कोणीतरी आहे एवढेच कळावे, कोण आहे हे कळू नये. आणि जे कळले ते दिवा मालवल्यावर त्याने विसरून जावे. पंधरा मिनिटे की वीस, हा आकडा ठरवताना त्या खोलीत बसणाऱ्यांना विचारावे. या मागण्या मोठ्या नाहीत, आणि यांतली एकही यंत्राच्या शक्तीबाहेरची नाही.

एवढे केले तरी आख्यायिकेतल्या त्या दुसऱ्या दिव्याचा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि तो शिल्लक राहणे इष्टच आहे. कचेरीच्या वेळेत, कचेरीच्या उजेडात, कचेरीच्या कागदावर आपण कोणाचे काम करीत आहो, हे ओळखणारा सेन्सर कोणत्याही कारखान्यात तयार होणार नाही. आणि झाला तर तो बसवून घेण्याइतकी दुर्दशा आपल्यावर येऊ नये. दिव्यांपैकी बहुतेक यंत्र मालवील. जो एक दिवा केवळ आपल्यालाच मालवता येतो, त्याच्यासाठी हात मोकळा आणि सवयीचा ठेवणे एवढेच आपल्याकडे आहे.